आत शिरून सिस्टीम बदलता येते?

ज्या पोलिसांनी पोरवयात बदडलं, त्यांच्याच खात्यात तो भरती झाला. बावीस वर्षांनी वर्दी उतरवून आमदार झाला. न्यूयॉर्कच्या एरिक अ‍ॅडम्सची गोष्ट वाचताना मला माझी अप्रेझल शीट का आठवत राहिली, त्याबद्दल थोडंसं...

मार्च म्हणजे अप्रेझल. हिंजवडीतल्या कुठल्याही कंपनीच्या कॅण्टीनमध्ये जाऊन बसा, समोरचे पोहे गार होतात पण रेटिंगची चर्चा काही थंड होत नाही. कुणाला किती हाइक, कुणी पेपर टाकला, कोणाचा बॉस कसा खडूस. आम्हीही त्यातलेच.

तीन वर्षांपूर्वी मी टेबलाच्या अलीकडच्या बाजूला होते. बेल कर्व्हमध्ये बसवायचं म्हणून माझं रेटिंग खाली ओढलं गेलं होतं. ‘काम चांगलंय गं तुझं, पण कुणाला तरी खाली टाकावंच लागतं,’ असं मला अगदी प्रेमाने सांगण्यात आलं. त्या संध्याकाळी गेटबाहेरच्या टपरीवर चहा पिताना मी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, ‘मी लीड झाले ना, की हा फालतूपणा बंद करणार. बघाच तुम्ही!’

यंदा मी लीड झाले. समोर एक्सेल शीट, त्यात नऊ नावं आणि सगळ्यात खालचा एक रकाना. तो रिकामा ठेवायची सोय नव्हती. वरून हिंटही आली होती. टीममधली एक मुलगी सहा महिने मॅटर्निटी लीव्हवर होती. ‘तिचा डेटाच कमी आहे, तिला टाक. कुणी प्रश्न विचारणार नाही.’ आणि खरं सांगू? मी तिचं नाव टाईपसुद्धा केलं होतं.

त्याच रात्री माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ताई न्यूयॉर्कमध्ये, क्वीन्सला राहते. माझे साडेदहा म्हणजे तिची दुपार. माझं रडगाणं ऐकून ती म्हणाली, ‘अगं, आमच्या आधीच्या मेयरची गोष्ट वाच. तोही आत जाऊन बदल करतो म्हणूनच पोलिसात गेला होता.’

एरिक अ‍ॅडम्स हे नाव मला ताईच्या मुलांच्या दिवाळीच्या सुट्टीमुळे तेवढं ठाऊक होतं. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी देणारा कायदा २०२३ साली झाला. तिथल्या राज्याच्या विधिमंडळातल्या जेनिफर राजकुमार यांनी त्यासाठी बरीच खटपट केली होती आणि मेयर अ‍ॅडम्स त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्या वर्षी दिवाळी नेमकी रविवारी आली! खरी सुट्टी मुलांना मिळाली ती २०२४ मध्ये, १ नोव्हेंबरला. ताईने करंज्यांचा फोटो पाठवला होता, त्यामुळे तारीख पक्की लक्षात आहे.

तर त्या रात्री मी शीट बंद केली आणि दोन वाजेपर्यंत वाचत बसले.

तळघरातली ती रात्र

एरिकचा जन्म १ सप्टेंबर १९६० चा, ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल भागातला. आई लोकांच्या घरी साफसफाईची कामं करायची, पदरात सहा मुलं. पुढे कुटुंब क्वीन्समधल्या साउथ जमैकात राहायला गेलं. पंधराव्या वर्षी तो आणि त्याचा भाऊ एका बाईची किरकोळ कामं करायचे. तिने पैसे बुडवले म्हणून दोघं तिच्या घरात शिरले आणि पोलिसांच्या हाती सापडले. ठाण्याच्या तळघरात आपल्याला लाथांनी तुडवलं, त्यानंतर कित्येक दिवस लघवीतून रक्त जात होतं, असं अ‍ॅडम्स आजवर अनेकदा सांगत आले आहेत. शेवटी एका कृष्णवर्णीय पोलिसानेच तो मार थांबवला.

आता अशा मुलाने पुढे काय करावं? आपल्या सिनेमात तो डॉन झाला असता.

पण ब्रुकलिनमध्ये त्या काळात हर्बर्ट डॉट्री नावाचे एक पाद्री होते. पोलिसांच्या दडपशाहीविरुद्ध रस्त्यावर उतरणारा हा माणूस. १९७८ साली पोलिसांशी झालेल्या झटापटीत आर्थर मिलर या कृष्णवर्णीय व्यावसायिकाचा जीव गेला आणि सगळा भाग पेटला. तेव्हा डॉट्रींनी काही तरुणांना बोलावून भलताच सल्ला दिला : पोलिसात भरती व्हा. बाहेरून दगड मारणारे खूप आहेत, कुणीतरी आतही हवं.

१९८४ मध्ये एरिक ट्रान्झिट पोलिसात लागला. म्हणजे सबवेची राखण करणारं दल. १९९५ मध्ये हे दल न्यूयॉर्क पोलिसात विलीन झालं.

खात्यात राहून खात्यालाच बोल

इथून पुढे मी त्यांना ‘ते’ म्हणते, कारण वर्दीतल्या माणसाला अरे-तुरे करायची आपल्याला सवय नाही!

१९९५ मध्येच अ‍ॅडम्स आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी कृष्णवर्णीय पोलिसांची एक संघटना काढली. नाव लांबलचक : ‘हंड्रेड ब्लॅक्स इन लॉ एन्फोर्समेंट हू केअर’. तरुण मुलांना पोलिसांनी रस्त्यात अडवलं तर कसं वागायचं, हे ही मंडळी शिकवायची. आणि पोलिसांनीच अतिरेक केला, तर पत्रकार परिषद घेऊन तसं जाहीर बोलायची. १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिसांनी अमादू डियालो या निःशस्त्र तरुणावर ४१ गोळ्या झाडल्या, तेव्हा टीका करणाऱ्यांत ही संघटनाही होती.

विचार करा. आपण कंपनीच्या पॉलिसीबद्दल व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहितानाही आधी बघतो, ग्रुपमध्ये एचआरचं कुणी नाही ना. आणि हा माणूस टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर उभा राहून स्वतःच्या खात्याबद्दल बोलत होता, पगारही तिथूनच घेत होता! वरिष्ठ खूश असणं शक्यच नव्हतं. तरीही ते कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत चढले. पण बावीस वर्षांत एक गोष्ट त्यांना कळून चुकली असावी. आत राहून बोलता येतं, एखाद-दुसऱ्या मुलाला वाचवता येतं, पण नियम वरचे लोक करतात.

म्हणून २००६ साली त्यांनी निवृत्ती घेतली आणि ते नियम करणाऱ्यांकडे गेले.

अल्बनीची सात वर्षं

न्यूयॉर्क राज्याची राजधानी न्यूयॉर्क शहर नाही हं! ती अल्बनी, शहरापासून साधारण २४० किलोमीटरवर. आपल्या विधानसभा आणि विधान परिषदेसारखी तिथेही दोन सभागृहं आहेत, असेम्ब्ली आणि सिनेट. फरक एवढाच, की सिनेटही थेट लोकांच्या मतांवर निवडलं जातं आणि दर दोन वर्षांनी परीक्षा. ब्रुकलिनमधून निवडून आलेले अ‍ॅडम्स २००७ ते २०१३ सिनेटवर होते.

सगळंच काही ग्रेट नव्हतं. नवेनवे आमदार असतानाच लोकप्रतिनिधींचा पगार वाढवा म्हणून त्यांनी सभागृहात ‘शो मी द मनी’ची आरोळी ठोकली होती. अप्रेझल मीटिंगमध्ये आपल्याला जे मनात म्हणावं लागतं, ते हे महाशय माईकवर म्हणाले! २०१० मध्ये ब्रुकलिनमध्ये त्यांनी होर्डिंग लावली, कंबरेखाली घसरलेल्या जीन्स वर ओढा म्हणून. तरुण पोरं अर्थातच हसली.

पण त्याच २०१० मध्ये त्यांनी जे केलं, त्यासाठी हा लेख लिहावासा वाटला.

त्या काळी न्यूयॉर्कमध्ये ‘स्टॉप अ‍ॅण्ड फ्रिस्क’ जोरात होतं. पोलिसाला संशय आला की रस्त्यात अडवायचं, विचारपूस करायची, वाटलं तर अंग चाचपायचं. प्रत्येक वेळी एक फॉर्म भरला जायचा आणि तो कॉम्प्युटरमध्ये जायचा. २०११ या एका वर्षात अशा ६,८५,७२४ नोंदी झाल्या. अडवलेल्या दहापैकी जवळपास नऊ जणांना ना अटक झाली, ना साधं समन्स निघालं. म्हणजे त्यांनी काहीच केलेलं नव्हतं. आणि अडवले जाणारे बहुतेक कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो. मुख्य गंमत अशी, की काहीही न केलेल्या माणसाचं नाव-पत्ताही पोलिसांच्या डेटाबेसमध्ये पडून राहायचा.

अ‍ॅडम्स यांनी सिनेटमध्ये आणि हकीम जेफ्रीज यांनी असेम्ब्लीमध्ये यावर विधेयक आणलं : ज्याला काही कारवाई न करता सोडून दिलं, त्याचं नाव-पत्ता कॉम्प्युटरमध्ये साठवायचा नाही. शहराचे तेव्हाचे मेयर मायकेल ब्लूमबर्ग आणि पोलीस आयुक्त रे केली यांचा कडक विरोध होता. गुन्हे उलगडायला ही माहिती लागते, असं त्यांचं म्हणणं. तरीही विधेयक मंजूर झालं आणि जुलै २०१० मध्ये गव्हर्नर डेव्हिड पॅटरसन यांनी त्यावर सही केली.

याच विधेयकावरून गव्हर्नरच्या ऑफिसात एक मीटिंग झाली होती. पुढे २०१३ मध्ये ‘स्टॉप अ‍ॅण्ड फ्रिस्क’चा मोठा खटला फेडरल कोर्टात उभा राहिला, तेव्हा अ‍ॅडम्स साक्षीला गेले. घराबाहेर पडताना पोलीस आपल्याला अडवतील ही भीती कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुणांच्या मनात बसावी, अशा अर्थाचं केली त्या मीटिंगमध्ये बोलले होते, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. केलींनी ते नाकारलं, पण ते स्वतः साक्षीला आले नाहीत. न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी अ‍ॅडम्स यांची साक्ष विश्वासार्ह मानली आणि तसं मानताना त्यांच्या जुन्या पोलीस नोकरीचाही दाखला दिला. ऑगस्ट २०१३ मध्ये निकाल लागला : ज्या पद्धतीने हे चाललं होतं, ते घटनाबाह्य. त्याआधीच उतरू लागलेला अडवणुकीचा आकडा २०१४ पर्यंत सुमारे ४६ हजारांवर आला.

हे वाचून मी लॅपटॉपवरून मान वर केली. बावीस वर्षं वर्दी घातली, तेव्हाच त्या साक्षीला वजन आलं. आणि वर्दी उतरवली होती, म्हणून ती साक्ष देणं सोपं झालं. आतलं सगळं माहीत, पण डोक्यावर आतला बॉस नाही. त्यांच्या आयुष्यातली ही सात वर्षं मला त्यासाठीच महत्त्वाची वाटतात.

आपल्याकडेही वर्दी उतरवून राजकारणात गेलेले अधिकारी आहेत. मुंबईचे पोलीस आयुक्त असलेले सत्यपाल सिंह २०१४ मध्ये राजीनामा देऊन उत्तर प्रदेशातल्या बागपतमधून थेट लोकसभेत गेले. कानपूरचे पोलीस आयुक्त असीम अरुण २०२२ मध्ये कन्नौजमधून आमदार झाले आणि योगी सरकारात मंत्रीही. आपल्या राज्यघटनेत पोलीस हा विषय राज्यांकडे आहे. म्हणजे ठाण्यात काय चालतं हे माहीत असलेला आमदार आपल्याकडे तर कितीतरी करू शकतो. तो करतो का, हे बघायला मात्र आपण निवडणुकीनंतर परत जात नाही.

खुर्ची उंच झाली, आणि...

इथे गोष्ट संपली असती, तर मी ती टीमला फॉरवर्ड करून छानसा स्मायली टाकला असता. पण पुढे आहे.

२०१४ पासून अ‍ॅडम्स ब्रुकलिनचे बरो प्रेसिडेंट झाले. २०१६ मध्ये त्यांना डायबेटिस निघाला, डोळ्यांवर परिणाम झाला होता. त्यांनी खाणंपिणं बदललं, शाकाहार धरला, पंधरा-सोळा किलो उतरवले आणि त्यावर पुस्तकही लिहिलं. (मेयर झाल्यावर ते मधूनमधून मासे खातात हे उघड झालं. आपल्या श्रावणासारखंच म्हणायचं!) २०२१ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी त्यांनी जेमतेम ७,१९७ मतांनी जिंकली आणि १ जानेवारी २०२२ ला, मध्यरात्र उलटल्या उलटल्या, टाइम्स स्क्वेअरमध्ये मेयरपदाची शपथ घेतली. हातात नुकत्याच गेलेल्या आईचा फोटो होता. तळघरात मार खाल्लेला मुलगा आता त्याच पोलीस खात्याचा साहेब होता.

आणि साहेब झाल्यावर त्यांनी काय केलं? गुन्हेगारी वाढली होती, लोक घाबरलेले होते, हे खरं. ‘सुरक्षा आणि न्याय दोन्ही देतो’ म्हणूनच ते निवडून आले होते. त्यांनी बेकायदा बंदुका शोधायला खास पथकं रस्त्यावर उतरवली. २०२३ मध्ये कोर्टाने नेमलेल्या निरीक्षकांनी या पथकांची तपासणी केली. पथकांनी अडवलेल्यांपैकी ९७ टक्के लोक कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक होते आणि बऱ्याच वेळा अडवण्याला कायदेशीर कारणच नव्हतं.

मग नगर परिषदेने एक कायदा मंजूर केला. पोलिसांनी साध्या चौकशीसाठी थांबवलं तरी त्याची नोंद ठेवायची. जानेवारी २०२४ मध्ये मेयर अ‍ॅडम्स यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. त्यांचं म्हणणं असं, की पोलिसांचा वेळ कागद भरण्यात जाईल. नगर परिषदेने ४२ विरुद्ध ९ मतांनी तो नकार मोडून काढला.

२०१० मध्ये आमदार असताना ते म्हणत होते, पोलिसांनी निर्दोष लोकांची नोंद ठेवू नये. २०२४ मध्ये लोक म्हणत होते, पोलिसांनी स्वतःच्या कामाची नोंद ठेवावी. मुद्दा दोन्ही वेळा एकच : ज्याच्या हातात दंडुका आहे, त्याला हिशेब द्यावा लागतो की नाही. पहिल्या वेळी अ‍ॅडम्स हिशेब मागणाऱ्यांत होते. दुसऱ्या वेळी देणाऱ्यांत.

बाकीचं तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांच्यावर लाचखोरी आणि निवडणूक निधीतल्या गैरव्यवहाराचे फेडरल आरोप ठेवले गेले. पदावर असताना असे आरोप झालेले ते न्यूयॉर्कचे पहिले मेयर. त्यांनी आरोप फेटाळले. पुढे ट्रम्प सरकारच्या न्याय खात्यानेच खटला मागे घ्यायला सांगितला आणि एप्रिल २०२५ मध्ये कोर्टाने तो कायमचा रद्द केला. ‘या सगळ्याला सौद्याचा वास येतो’ अशा अर्थाचे शेरे न्यायाधीशांनी निकालात मारलेच. आरोप सिद्ध झाले नाहीत, पण लोकांचा विश्वास गेला तो गेलाच. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी निवडणुकीतून अंग काढलं. नोव्हेंबरमध्ये मीरा नायर यांचा मुलगा झोहरान ममदानी निवडून आला आणि वर्षअखेरीला अ‍ॅडम्स यांची खुर्ची गेली.

मग मी काय केलं?

दुसऱ्या दिवशी ताईला फोन केला. म्हटलं, ‘ताई, ही गोष्ट तू मला धीर द्यायला सांगितलीस की घाबरवायला?’ ती म्हणाली, ‘तू टेबलाच्या कुठल्या बाजूला बसलीयस, हे विसरू नकोस म्हणून.’

आत शिरून सिस्टीम बदलता येते का? अ‍ॅडम्सकडे बघून मला वाटतं, थोडीशी येते. पण ‘मी चांगला माणूस आहे, मी आत गेलो की सगळं बदलेल’ यावर भरवसा ठेवू नये. माणूस बदलतो, खुर्ची उंच झाली की खालचं बारीक दिसायला लागतं. २०१० चा कायदा मात्र अ‍ॅडम्स बदलले म्हणून बदलला नाही. तो लिहिलेला होता. माणसाच्या चांगुलपणापेक्षा लिहिलेला नियम जास्त दिवस टिकतो.

मी शीट उघडली, ते नाव खोडलं आणि खालचा रकाना रिकामा ठेवून एक मेल लिहिली. ज्याला सगळ्यात खाली टाकायचं, त्याचं कारण लेखी द्यावं, आणि ते त्या माणसाला दाखवावं. मॅटर्निटी लीव्ह हे कारण असू शकत नाही, हेही लिहिलं. पाठवताना हात थरथरत होता, खोटं कशाला बोलू. माझाही होम लोन आहे.

शीट दोनदा परत आली. तिसऱ्या वेळी वरूनच तिचं नाव भरलं गेलं. पण आता मेल रेकॉर्डवर होती. तिने रेटिंगवर हरकत घेतली, एचआरला उत्तर द्यावं लागलं आणि तिचं रेटिंग एक घर वर सरकलं. बेल कर्व्ह आहे तिथेच आहे. लेखी कारणाच्या सूचनेवर ‘पुढच्या सायकलला विचार करू’ असं उत्तर आलंय. म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहेच.

माझं रेटिंग? ते पुढच्या आठवड्यात कळेल.

परवा टीमला घेऊन त्याच टपरीवर गेले होते. त्यांना सांगून ठेवलंय, उद्या मी मॅनेजर झाले आणि ‘कुणाला तरी खाली टाकावंच लागतं गं’ असं प्रेमाने म्हणायला लागले, तर ही मेल मला परत पाठवा. सगळ्यात ज्युनिअर मुलाने लगेच मोबाईल काढला आणि म्हणाला, ‘मॅम, मग मला सीसी करा ना आत्ताच.’

केलं.